‘उठवत नाही’ आणि ‘राहवत नाही’: मेंदू कृती सुरू कशी करतो आणि वेळ कशी साधतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या काकांना पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाली अडखळवणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान झालं तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, शाळेतले सहकारी असे सगळे मला गाठून प्रश्न विचारू लागले. मी जीवशास्त्र शिकवते, एवढंच त्याचं कारण. बहुतेक प्रश्नांचा गाभा एकच होता: यांना चालता येतं, मग चालायला लागता का येत नाही? त्याचं उत्तर शोधताना तबला, क्रिकेट, झुरळं अशा भलत्याच गोष्टी वाटेत भेटल्या. त्याही इथे आहेत. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांबद्दल इथे जे लिहिलंय ते माहितीपुरतं घ्या.

हात उचलायचा म्हटलं की मेंदू हुकूम सोडतो आणि हात उचलला जातो. यात एवढं काय आहे?

हुकूम सुटतो हे खरं. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोटर कॉर्टेक्समधून तो निघतो, मज्जारज्जूतून उतरतो आणि स्नायूंपर्यंत पोचतो. पण ही शेवटची पायरी झाली. गंमत तिच्या आधी आहे.

मेंदूच्या पोटात, अगदी खोलवर, चेतापेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांच्यातून बाहेर पडणारा संदेश ‘कर’ असा नसतो, ‘थांब’ असा असतो, आणि तो अखंड चालू असतो. माकड स्वस्थ बसलेलं असतानासुद्धा या बाहेरच्या दारावरच्या पेशी सेकंदाला साठ-सत्तर वेळा संदेश सोडत असतात आणि प्रत्येक संदेश पुढच्या थॅलॅमसला, म्हणजे कॉर्टेक्सकडे संदेश पोचवणाऱ्या केंद्राला, दाबून धरतो. थॅलॅमस दबलेला, म्हणून कॉर्टेक्सला जोर मिळत नाही, म्हणून हात जागच्या जागी.

घाटात उतारावर उभा केलेला ट्रक आठवा. चाकाखाली दगड लावलेला असतो. ट्रक हलवायला मागून ढकलावं लागत नाही, दगड काढला की पुरे. मेंदूतली बरीचशी हालचाल अशी, दगड काढून सुरू होते.

मग हा दगड काढतं कोण?

स्ट्रायटम नावाचा भाग, बेसल गँग्लियाचं प्रवेशद्वार. कॉर्टेक्सकडून ‘हे करू का, ते करू का’ असे प्रस्ताव इथे येतात. इथल्या पेशी एरवी गप्प असतात. त्यातला एक गट बोलला की तो बाहेरच्या दारावरच्या ‘थांब’वाल्या पेशींना गप्प करतो. अडवणाऱ्यालाच अडवलं, की वाट मोकळी. याला थेट मार्ग म्हणतात. दुसरा गट वळसा घालून जातो आणि ब्रेक आणखी घट्ट करतो. तो अप्रत्यक्ष मार्ग. डोपामिन हे रसायन पहिल्या गटाला चेतवतं आणि दुसऱ्याला शांत करतं. म्हणजे ते दोन्हीकडून हालचालीच्याच बाजूने बोलतं.

१९८९-९० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी हे चित्र मांडलं. त्यात माहलॉन डेलाँग यांचं नाव प्रामुख्याने घेतलं जातं. २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूत प्रकाशाने ठरावीक पेशी चालू करून ते पडताळलंही गेलं: पहिला गट चालू केला की उंदीर जास्त हालचाल करायचे, दुसरा चालू केला की पार्किन्सन्स झाल्यासारखे थिजायचे.

क्लासच्या नोट्स इथे संपतात. प्रकरण संपत नाही. २०१३ मध्ये उंदरांवरच असं दिसलं की कृती सुरू होताना दोन्ही गट एकाच वेळी जागे होतात. एक गॅस आणि एक ब्रेक असं साधं गणित असतं तर हे व्हायला नको होतं. आज बहुतेकांचा कल असा की एक गट हवी ती कृती सोडतो आणि दुसरा त्याच क्षणी बाकीच्या नको त्या कृतींना धरून ठेवतो. चहाचा कप उचलताना डावा पाय, मान आणि जीभ गप्प राहावी, यासाठीही कुणीतरी राबावं लागतं. मला हे स्पष्टीकरण पटतं, पण ते शेवटचं नाही.

सतत ब्रेक दाबून ठेवणं म्हणजे उधळपट्टी नाही का?

उधळपट्टी आहेच. पण उलट रचनेचा विचार करून बघा. समोर वडापाव दिसला की हात निघाला, मागून हॉर्न आला की मान वळली, मनात शिवी आली की तोंडातून बाहेर. दर क्षणी डझनभर कृतींची तयारी अर्धवट झालेली असते. सगळ्यांवर कुलूप आणि एकीलाच किल्ली, हे त्यापेक्षा परवडतं.

‘तयारी झालेली असते’ म्हणजे नेमकं काय?

खो-खोमध्ये पाटीवर बसलेल्या खेळाडूकडे बघा. टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली, नजर पळणाऱ्यावर. कृती पूर्ण तयार आहे, पण पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडल्याशिवाय उठलं की फाउल.

मेंदूतही अशीच अवस्था दिसते. माकडाला ‘उजवीकडे हात न्यायचाय, पण खूण होईपर्यंत थांब’ असं शिकवलं तर मोटर कॉर्टेक्समधल्या पेशी खूण होण्याआधीच कामाला लागतात. मग हात तेव्हाच का हलत नाही? कारण तयारीच्या वेळी पेशींची एकत्रित चाल अशी असते की एकीचं वाढणं दुसरीच्या घटण्याने भरून निघतं आणि स्नायूंपर्यंत पोचणारी बेरीज जवळपास तीच राहते. खूण झाली की चालच बदलते. २०२२ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगाने ही बदलाची कळ कुठे आहे ते दाखवलं: खुणेचा संदेश मध्यमेंदूतून थॅलॅमसकडे आणि तिथून कॉर्टेक्सकडे जातो, आणि ‘तयारी’ची चाल ‘हालचाली’च्या चालीत पालटते. हे उंदीर पाणी चाटायला शिकलेले होते, डावीकडे किंवा उजवीकडे. चाटण्यासारख्या क्षुल्लक कृतीलाही एवढा सरंजाम लागतो.

तयार कृती किती पटकन सुटू शकते? बार्सिलोनाचे जोसेप व्हाल्स-सोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक मजेदार गोष्ट दाखवली. माणसाला ठरलेली हालचाल तयार ठेवायला सांगा आणि खुणेबरोबर अचानक दचकवणारा मोठा आवाज करा. तर तीच हालचाल, जशीच्या तशी, शंभर मिलिसेकंदांच्याही आत सुटते. एरवी याच्या दीडपट-दुप्पट वेळ लागतो. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हे एकक पुढेही लागणार आहे.)

धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर निघूनही खेळाडू बाद कसा होतो?

नियम असा की आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत पायाने ब्लॉकवर जोर दिला तर तो फॉल्स स्टार्ट धरायचा. समजूत अशी की कान, मेंदू, मज्जारज्जू आणि पाय हा प्रवास याहून लवकर होऊच शकत नाही. म्हणजे तुम्ही ऐकून नाही, अंदाजाने निघालात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीन इथल्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन ०.०९९ सेकंदाला निघाले म्हणून बाद झाले. एक मिलिसेकंद! त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ते ०.१०१ ला निघाले होते.

वर सांगितलेला दचकण्याचा प्रयोग लक्षात घेतला तर ०.१ ही निसर्गाने आखलेली लक्ष्मणरेषा नाही, हे कळतं. मला विचाराल तर ॲलन यांच्यावर अन्याय झाला. पण कुठेतरी रेघ मारावी लागते, हेही खरं. जाता जाता: मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे वेगळा स्पीकर असतो. बंदूक एकाच टोकाला ठेवली तर दूरच्या लेनपर्यंत आवाज पोचायला तीसेक मिलिसेकंद जास्त लागतील आणि त्या लेनवाल्याने तेवढ्यातच पदक घालवलेलं असेल.

ठरवतो कोण, मी की माझा मेंदू?

हा प्रश्न चहाबरोबर येतोच. हकीकत अशी आहे. १९६५ मध्ये जर्मनीत कोर्नहूबर आणि डेक्के यांनी दाखवलं की माणूस आपल्या मर्जीने बोट हलवतो त्याच्या सेकंदभर किंवा त्याहून आधीच डोक्यावरच्या विद्युत नोंदीत हळूहळू चढणारा एक उतार सुरू होतो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी त्यात एक घड्याळ आणलं. पडद्यावर एक ठिपका गोल फिरायचा, २.५६ सेकंदांत एक फेरी. मनगट हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता, ते माणसाने नंतर सांगायचं. इच्छेची जाणीव हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी. मेंदूतला उतार मात्र ५५० मिलिसेकंद आधीपासून. झालं! ‘मेंदू आधी ठरवतो, तुम्हाला मागाहून कळवतो’ असे मथळे आजतागायत छापून येतात.

२०१२ मध्ये शुर्गर, सित्त आणि देहान यांनी वेगळा अर्थ लावला. मेंदूत कुरबुर सतत चालू असते, पातळी वर-खाली होत असते. ‘वाटेल तेव्हा हलव’ असं सांगितलं की ज्या क्षणी ती पातळी उंबरठा ओलांडते त्या क्षणी हात हलतो. आपण हालचालीच्या क्षणापासून मागे वळून शेकडो नोंदींची सरासरी काढतो, म्हणून मागे एक चढता उतार दिसतो. तो आधीच झालेला निर्णय नव्हे. समुद्राच्या लाटा मोजताना धक्क्यावरून पाणी आत आलं तेवढेच क्षण निवडले, तर त्या प्रत्येक क्षणाआधी पाणी चढतच होतं असं दिसणार. मला हे स्पष्टीकरण लिबेट यांच्या मथळ्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

एक नोंद मात्र चटका लावते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूत तारा बसवलेल्या रुग्णांवर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. डोक्याच्या मध्यरेषेजवळच्या सप्लिमेंटरी मोटर एरिया या भागाला हलका विद्युतप्रवाह दिला की काहींना हात हलवावासा ‘वाटायचा’. प्रवाह वाढवला की तो खरोखर हलायचा.

मेंदूत घड्याळ कुठे असतं?

दिवस-रात्रीचं घड्याळ आहे, डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या चौकाजवळ. पण भाकरी कधी उलटायची किंवा टाळी कधी वाजवायची, हे त्याला कळत नाही. सेकंदांचं आणि सेकंदाच्या अंशांचं काम वाटून दिलेलं आहे, आणि ‘हे बघा घड्याळ’ म्हणून बोट ठेवावं अशी एक जागा नाही.

सेकंदाच्या आतलं बारीक काम मुख्यतः लहान मेंदूचं. नाव लहान, पण मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या याच्यात आहेत. सशाला एक सूर ऐकवायचा आणि ठरलेल्या वेळाने डोळ्यावर हवेची फुंकर मारायची. सरावाने ससा सूर ऐकून पापणी मिटायला शिकतो. पण तो ती लगेच मिटत नाही, फुंकर येणार त्याच सुमारास मिटतो. फुंकर पाव सेकंदाने येत असेल तर पाव, अर्ध्याने असेल तर अर्धा. लहान मेंदूतला ठरावीक भाग काढला की हे शिकलेलं पुसलं जातं. फुंकर थेट डोळ्यावर आली तर मात्र पापणी मिटतेच. ही वेळ तिथे धरली जाते ती पुर्किंजे पेशींमध्ये. त्या एरवी सतत संदेश सोडून पुढच्या पेशींना दाबतात, आणि नेमक्या क्षणी गप्प बसतात. पुन्हा तोच प्रकार! मेंदूच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कामासाठी, चाकाखालचा दगड.

सेकंदांचं काम स्ट्रायटम आणि कॉर्टेक्सचं. इथे पेशी टिकटिक करत नाहीत. एकामागून एक पेशी जाग्या होत जातात आणि ती रांग कुठवर आली, यावरून वेळ कळते. जास्त थांबायचं असेल तर तीच रांग सावकाश सरकते, कमी थांबायचं असेल तर भरभर. एमआयटीमध्ये माकडांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे ताणणं-आवळणं स्पष्ट दिसलं. म्हणून चूकही वेळेच्या प्रमाणात वाढते: दोन सेकंदांचा अंदाज थोडा चुकतो, वीस सेकंदांचा साधारण दहापट चुकतो.

रांगेचा सगळ्यात देखणा पुरावा झेब्रा फिंच या इवल्याशा पक्ष्याने दिला. त्याच्या गाण्यासाठी मेंदूत एचव्हीसी नावाचं केंद्र आहे. त्यातली एखादी पेशी गाण्याच्या पूर्ण ओळीत एकदाच, काही मिलिसेकंदांपुरती बोलते. पुढचा क्षण पुढच्या पेशीचा. २००८ मध्ये मायकेल लाँग आणि मिशेल फी यांनी हे केंद्र किंचित थंड केलं. गाणं बिघडलं नाही, लय उतरली. सूर तेच, क्रम तोच, फक्त सगळं विलंबित! शेजारचं, स्नायूंकडे हुकूम नेणारं केंद्र थंड केलं तर लयीत जवळपास फरक पडला नाही. पुढे लाँग यांच्याच चमूने शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या माणसांवर तोच प्रयोग केला (२०१६). बोलण्याशी संबंधित ब्रोका हा भाग थंड केल्यावर बोलण्याची गती बदलली. त्यामागचा मोटर भाग थंड केल्यावर उच्चार बोबडे झाले.

डोपामिन वाढलं की वेळ भरभर जातो, हे खरं का?

जुन्या प्रयोगांत उंदरांना डोपामिन वाढवणारी द्रव्यं दिली की ते ठरलेल्या वेळेआधी कळ दाबायचे, डोपामिन अडवणारी दिली की उशिरा. त्यावरून ‘डोपामिन घड्याळ पळवतं’ असं पाठ्यपुस्तकात बसलं. २०१६ मध्ये लिस्बनच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या डोपामिन पेशी थेट प्रकाशाने चालू केल्या, तर उलटच: गेलेला वेळ त्यांना कमी वाटू लागला. तेव्हा मोबाइलवर येणाऱ्या ‘डोपामिन डिटॉक्स’च्या व्हिडिओंवर फार विसंबू नका. त्यातल्या त्यात पक्कं ते हे की कृती सुरू होण्याआधी या पेशींचा जोर चढतो, आणि जितका चढतो तितकी कृती लवकर आणि जोमाने सुटण्याची शक्यता वाढते.

तबल्यावर समेला हात बरोबर पडतो. सम ऐकून वाजवतात का?

ऐकून वाजवायला गेलात तर दर वेळी उशीर होईल. आवाज कानावर पडून हात हलेपर्यंत दीडशे मिलिसेकंद गेलेले असतात आणि मैफलीत एवढा उशीर शेवटच्या रांगेलाही कळतो. सम येण्याआधीच हात निघालेला असतो.

साध्या मेट्रोनोमबरोबर बोटाने ठेका धरायला सांगितला तर बहुतेक माणसं ठोक्याच्या थोडं आधीच बोट आपटतात, वीस-पन्नास मिलिसेकंदांनी, आणि त्यांना वाटतं की आपण बरोबर ठोक्यावर आहोत. मुरलेल्या वादकांत हे अंतर कमी होतं. मी तबल्याच्या क्लासमध्ये फोनच्या ॲपवर स्वतःची नोंद केली. तीनतालाच्या सोळा मात्रांत मी तेरा वेळा आधी पडले होते. गुरुजी म्हणाले, ‘घाई आहे तुला, मेंदूला नावं ठेवू नकोस.’

ठेका नुसता ऐकतानाही, हात मांडीवर स्वस्थ असताना, स्ट्रायटमचा एक भाग आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया जागे होतात. ढोल-ताशा पथकासमोर पाय आपोआप का हलतात, त्याचं मूळ इथे कुठेतरी आहे.

बुमराहचा चेंडू बघून खेळता येतो का?

हातातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत जेमतेम १७-१८ मीटर जातो. ताशी १४० किलोमीटरला हे अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत संपतं. १९८७ मध्ये पीटर मॅक्लिऑड यांनी मॅटिंगखाली लाकडी काड्या लपवून टप्प्यानंतर चेंडू अचानक वळेल अशी सोय केली. अव्वल दर्जाच्या फलंदाजांनाही टप्प्यानंतर फटका बदलायला सुमारे २०० मिलिसेकंद लागले, म्हणजे तुम्हा-आम्हाला लागतात तेवढेच. मग ते वेगळं काय करतात? २००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू सुटताना बघायचं, मग नजर उचलून टप्पा पडणार त्या जागी आधीच नेऊन ठेवायची. चांगला फलंदाज ही उडी लवकर मारतो. ‘चेंडूवरून नजर हटवू नको’ असं प्रत्येक कोच ओरडतो, आणि चांगले फलंदाज नजर हटवूनच खेळतात.

निघालेली कृती थांबवता येते का?

‘चिमणी उडाली भुर्र’ खेळला असाल तर अनुभव आहेच. चिमणी, कावळा, पोपट, सगळ्यांना बोटं वर. मग हळूच ‘म्हैस उडाली भुर्र’, आणि कुणाचं तरी बोट वर जातंच. प्रयोगशाळेत हेच संगणकावर करतात. एका प्रकारात सुरू झालेली कृती मध्येच ‘थांब’ची खूण देऊन अडवायची असते. लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये याचं गणित बसवलं: ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन धावत्या गोष्टी, आधी पोचेल ती जिंकेल. थांबवण्याला निरोगी तरुणांत २००-२५० मिलिसेकंद लागतात. बोट हलायला त्याहून कमी वेळ उरला असताना खूण आली तर ते वर जाणारच, इच्छा असो वा नसो.

थांबवण्यासाठी कॉर्टेक्सचा पुढचा भाग बेसल गँग्लियातल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसला थेट हाक मारतो, स्ट्रायटममधून न जाता. हा छोटा दाणा चिडला की बाहेरच्या दारावरचे सगळे ब्रेक एकदम दाबतो. ट्रेनमधली साखळी ओढण्यासारखं. एकच डबा थांबत नाही, गाडीच थांबते.

झुरळावर चप्पल पडायच्या आत ते निघून कसं जातं?

कारण ते वरचं काहीच करत नाही. त्याच्या शेपटाकडे दोन काटे असतात, त्यावर बारीक केस. चपलेआधी चपलेची हवा पोचते. केस वाकतात आणि जाडजूड मज्जातंतूंवरून संदेश थेट पायांजवळच्या केंद्राकडे जातो. डोक्याला विचारायला कुणी थांबत नाही. सुमारे पन्नास मिलिसेकंदांत ते वळून पळू लागलेलं असतं. जिथे निवड करायची नसते, तिथे ब्रेक, उंबरठा, तयारी असला लवाजमा परवडत नाही. (हळू आणि समोरून मारा. माझा यशाचा दर तरीही वाईट आहे.)

पार्किन्सन्सच्या रुग्णाला जिना चढता येतो, पण सपाट जमिनीवर पाऊल उचलता येत नाही. नाटक करतात का?

हा प्रश्न आमच्या घरात कुजबुजून विचारला गेला, म्हणून सविस्तर लिहिते. नाही. नाटक नाही.

या आजारात मध्यमेंदूतल्या सबस्टान्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. डोपामिन घटलं की थेट मार्ग दुबळा होतो, वळशाचा मार्ग शिरजोर होतो, ब्रेक सुटत नाही. स्नायूंत ताकद असते, इच्छा असते. चाकाखालचा दगड तेवढा निघत नाही. काका स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि उंबरठ्याशी पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं, टाचा थरथरताहेत. काकू म्हणायच्या, ‘अहो, चला ना!’ त्याने ते आणखीच अडकायचे.

बेसल गँग्लियाचं खास काम आहे आतून, आपल्या आपण सुरू होणाऱ्या सवयीच्या कृती सोडणं. बाहेरून खूण मिळाली तर कॉर्टेक्स आणि लहान मेंदू यांच्यामधल्या दुसऱ्या वाटा वापरता येतात, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. जिन्याची प्रत्येक पायरी ही एक खूणच. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की पाऊल निघतं, हे पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये वर्णन केलं आहे. मेट्रोनोमच्या ठोक्यावर चालण्याचा सराव उपचारांत वापरतात. आम्ही उंबरठ्याअलीकडे पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारल्या. फिजिओथेरपिस्टने काकूंना ‘चला ना’ऐवजी ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणायला सांगितलं. रोज जमतं असं नाही, पण बऱ्याचदा जमतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा रुग्ण आणि कुटुंबीयांचा गट आहे. अशा युक्त्या एकमेकांकडूनच जास्त शिकायला मिळतात.

औषध नेमकं काय करतं? खाजकुइलीच्या बिया चालतात का?

या गोष्टीत दोन भारतीय वनस्पती आहेत. सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ती जगभर पोचली. तिच्यातलं रेसरपिन पुढे वेगळं काढलं गेलं. १९५० च्या दशकात स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे कान पाडून निपचित बसले. मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा झाला होता. मग लेव्होडोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे हिंडू-फिरू लागले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन होतं. म्हणून गोळीत ते असतं.

आणि खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतंच. १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. म्हणून ‘नैसर्गिक आहे, घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. अडचण ही की बियागणिक प्रमाण बदलतं. चालू गोळ्यांवर ती पावडर घेतली तर डोस दुप्पट झाला की दीडपट, कुणालाच कळत नाही, आणि जास्त डोसने हातापायांच्या नको त्या हालचाली, भास, रक्तदाब एकदम उतरणं असे त्रास होतात. आयुर्वेदाचं घ्यायचं असेल तरी मेंदूविकारतज्ज्ञांना सांगूनच.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की काही रुग्णांना मेंदूत तार बसवतात, या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे ॲलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थॅलॅमसपासून सुरुवात केली आणि पुढे सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे वळले. तोच दाणा, साखळी ओढणारा. सेकंदाला साधारण १३० वेळा विजेची टिचकी देऊन त्याचा बिघडलेला सूर मोडला जातो.

मला सकाळी अंथरुणातून उठवत नाही. माझ्याही बेसल गँग्लियात बिघाड आहे का?

बहुधा नाही. रात्री दीडपर्यंत मोबाइल बघितलात. पण तुमचं क्रियापद अचूक आहे. ‘मी उठत नाही’ आणि ‘मला उठवत नाही’ यांत मराठीने जो फरक केलाय, तोच फरक मला काकांच्या नातवंडांना समजावायचा होता. उलट्या बाजूला ‘राहवत नाही’ आहे: ब्रेक लागत नाही. मेंदूच्या मध्यरेषेजवळचे पुढचे भाग दोन्हीकडून दुखावले तर माणूस जागा असतो, डोळे फिरतात, पण तो बोलत नाही, हलत नाही. विचारणाऱ्याला वाटतं त्याला काही कळतच नाही. ते आळसापासून फार दूरचं दुखणं आहे. महिनोन्‌महिने काहीच करायला घ्यावंसं वाटत नसेल तर मात्र डॉक्टरांना भेटा. ते नैराश्यही असू शकतं.

घरी करून बघता येईल असं काही?

तीस सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या. ती वरून उभी धरा, शून्याची खूण मुलाच्या उघड्या चिमटीच्या पातळीवर. न सांगता सोडा, त्याने पकडायची. १५ सेंटिमीटरला पकडली तर ०.१७ सेकंद, २० ला ०.२०, पूर्ण ३० ला ०.२५. दहा वेळा करा, सरासरी काढा. सरावाने आकडा थोडाच सुधारतो.

मग तोच खेळ ‘एक, दोन, तीन’ म्हणून करा, एका लयीत, आणि तीनला सोडा. आता पट्टी पाचच्या आत पकडली जाईल, कधी सुटायच्या आधीच चिमूट मिटेल. पाच सेंटिमीटर म्हणजे ०.१ सेकंद. त्याच्या आत पकडली तर युजीनच्या नियमाने फाउल. माझ्या भाचीने हे ऐकल्यावर चौथ्या वेळी ‘तीन’ म्हणून पट्टी सोडलीच नाही, आणि माझी चिमूट हवेतच मिटली.